व्हेंटिलेटर आले, आता सिस्टरही द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, मुलांच्या अतिदक्षता विभागात मी गेली चौदा वर्षं काम करते. रुग्णालय महापालिकेचं आहे, तेव्हा हे पत्र आयुक्तांना लिहायला हवं असं आपल्याला वाटेल. त्यांनाही लिहिलं आहे. पण आमच्याकडे जव्हार, मोखाडा, शहापूरकडून जी मुलं येतात, ती आधी आपल्या खात्याच्या रुग्णालयांत पोचलेली असतात. तिथून ‘मुंबईला न्या’ म्हणून निघतात, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, आणि आमच्या दारात येईपर्यंत त्यांचे हात कोपरापर्यंत गार पडलेले असतात.

कोविडच्या तिसऱ्या लाटेत मुलांना धोका आहे अशी भीती होती, म्हणून २०२१ मध्ये राज्याने बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं. मुलांसाठी खाटा वाढल्या, यंत्रं आली. त्याबद्दल मनापासून आभार. मी लिहितेय ते त्या यंत्राशेजारी रात्रभर उभं कोण राहणार याबद्दल.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. सात महिन्यांचं बाळ, वजन सहा किलो, ब्रॉंकिओलायटिसमुळे, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्या सुजल्यामुळे, व्हेंटिलेटरवर. त्याच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीचं भोक साडेतीन मिलिमीटरचं. घट्ट बेडक्याची एक गुठळी ते बुजवायला पुरते. पहाटे चारच्या सुमारास मी समोरच्या खाटेवर दुसऱ्या मुलाची शीर शोधत होते. या बाळाच्या मॉनिटरवर ऑक्सिजन ९६ होता, सगळं ठीक दिसत होतं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर मॉनिटरकडे बघतच नव्हत्या, बाळाच्या छातीकडे बघत होत्या. “मॅडम, छाती उचलत नाहीये,” एवढंच म्हणाल्या. मी हातातलं टाकून पोचेपर्यंत कफ ओढून घेणारी सक्शनची नळी आत गेली होती, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग जोडलेली होती. आकडा त्यानंतर घसरायला लागला. सत्तरपर्यंत उतरला आणि हळूहळू परत चढला.

बाहेर पॅसेजमध्ये चटईवर त्याची आई बसून होती. दर तीन तासांनी ती स्टीलच्या वाटीत दूध काढून द्यायची, सिस्टर ते नळीतून बाळाला घालायच्या. बाळ नवव्या दिवशी घरी गेलं.

नोव्हेंबरमध्ये त्या सिस्टरांची बदली झाली. हाडांच्या वॉर्डात. आदेश एका ओळीचा होता. त्यांच्या जागी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एक मुलगी आली आहे. फार मेहनती आहे. पण तिच्यावर रात्री चार मुलं असतात, त्यातली दोन व्हेंटिलेटरवर. अतिदक्षतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की व्हेंटिलेटरवरच्या मुलामागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे औषधही वजनावर मोजतात. सहा किलोच्या बाळाचं हृदय थांबलं तर एक मिलिग्रॅमच्या ॲड्रेनॅलिनमधून त्याला जेमतेम साठ मायक्रोग्रॅम द्यायचे. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दसपट. हे पुस्तकातून येत नाही, जुन्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून येतं आणि त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेवढ्यात बदली येते किंवा कंत्राट संपतं.

लोक मला विचारतात, आजारी मुलांचं असं बघवतं कसं तुम्हाला? खरं सांगते, बघवत नाही. पण मूल शेवटपर्यंत झगडतं. रक्ताभिसरण कोसळत असतानाही ते रक्तदाब टिकवून धरतं, आपल्याला थोडा वेळ देतं. त्या वेळात हात मिळाला तर कालपर्यंत नळ्यांत गुंतलेलं मूल आज बिस्कीट मागतं. ते बिस्कीट मागणं एकदा पाहिल्यावर मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. आमच्या सिस्टरांचंही तसंच आहे. बदली झालेल्या सिस्टर अजूनही ड्यूटी संपली की घरी जाता जाता डोकावतात, नव्या मुलीला चार गोष्टी सांगतात.

माझं मागणं एवढंच आहे. मुलांच्या अतिदक्षतेत तयार झालेल्या परिचारिकेची किमान पाच वर्षं तिथून बदली होऊ नये. तिचं पद वेगळं असावं, कायम असावं, आणि त्याचा भत्ताही असावा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या सिस्टरांना आमच्याकडे सहा महिने पाठवा, आम्ही शिकवू. मग जव्हारचं प्रत्येक मूल मुंबईपर्यंत आणावं लागणार नाही.

आणि एकदा आमच्या विभागात या, साहेब. दौरा म्हणून नको, दौऱ्याच्या दिवशी सगळे हजर असतात. पहाटे तीन ते पाच या वेळात या आणि त्या मुलीच्या शेजारी उभे राहा.

आपली,
मुंबईतील एक बालरोग अतिदक्षता तज्ज्ञ