अठराव्या वर्षानंतर कुठे?

जागतिक एड्स दिनाच्या (१ डिसेंबर) पुरवणीतील एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासी संस्थांवरील लेख वाचला. कौतुक रास्तच आहे. पंढरपूरची ‘पालवी’ किंवा लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’ यांनी नातेवाइकांनी झिडकारलेल्या मुलांना घर दिले. पण लेखातला ‘शेवटच्या दिवसांचा आधार’ हा सूर आता जुना झाला. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची (एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या उपचाराची) औषधे मोफत मिळू लागली, मुले जगली, मोठी झाली. अडचण तिथूनच सुरू होते. बाल न्याय कायद्यानुसार बालगृहातला मुक्काम १८ वर्षांपर्यंत. पुढे अनुरक्षणगृह (बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठीचे वसतिगृह) मिळाले तरी साधारण २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३. नंतर भाड्याची खोली, तुटपुंजी नोकरी आणि खोलीतल्या सोबत्यांपासून रोजची गोळी लपवण्याची कसरत. २०१७चा एचआयव्ही कायदा या कारणावरून घर नाकारायला मनाई करतो खरा, पण घरमालक खरे कारण थोडेच सांगतो! पुन्हा ज्याला माघारी जायला घर नाही, त्याचे औषध चुकले तर विचारणारेही कुणी नसते. शासनाने या तरुणांसाठी अनुरक्षणाची मुदत वाढवावी आणि नोकरदार मुला-मुलींच्या वसतिगृहांत त्यांच्यासाठी, आजाराची वाच्यता न करता, काही जागा राखून ठेवाव्यात.

– एक वाचक, सोलापूर