यादीतली एसएमपीएसची ओळ बदल

परभणी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कॉम्प्युटरच्या पार्टची यादी नीट वाचली. चाळीस हजारांत बसवायचं म्हणून प्रत्येक ओळीला तू हात आखडता घेतलास. पण बाळा, काटकसर नको त्या जागी झाली. सगळ्यात स्वस्त एसएमपीएस (सगळ्या पार्टला वीज पुरवणारा डबा) तू लिहिलास आणि वाचलेले पैसे सेकंडहँड ग्राफिक्स कार्डात घातलेस. माझं म्हणणं असं की कार्ड सध्या घेऊच नकोस. ते पैसे एसएमपीएस आणि यूपीएसला लाव.

माझ्या दुकानात रोज जळालेल्या मोटारी येतात. उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा दोष मोटारीचा नसतो. व्होल्टेज पडलेलं असतं, नाहीतर एक फेज गेलेला असतो. तू तिकडे संभाजीनगरात राहायलीस, तिथली लाईट आपल्यापेक्षा बरी असेल, पण सुट्ट्यांत मशीन इकडे येणारच. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे मीटरवर किती व्होल्ट दिसतात ते तुला ठाऊक आहे.

एसएमपीएसच्या स्टिकरवर ठळक ५०० वॅट छापलेलं असतं. त्याखालचा बारीक तक्ता वाच. प्रोसेसर आणि कार्ड चालतात १२ व्होल्टच्या लाईनवर. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे फक्त २१६ वॅट झाले. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईनी धरून फुगवलेला असतो, आणि आजच्या मशीनला त्या लाईनींवर फारसा लोड नसतोच. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३५ च्या आसपास आकडा दिसेल. मग इनपुट बघ. २०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो खाली ठेव. १०० ते २४० लिहिलेला घे, तो १७०-१८० व्होल्टलाही तग धरतो. वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा ८० प्लस ब्राँझ पुरे, त्याहून भारी नको. कार्डाशिवाय तुझं मशीन पूर्ण जोरात चाललं तरी शंभर-सव्वाशे वॅटच्या वर फारसं जाणार नाही, त्यामुळे ४५० मध्ये पुढच्या कार्डालाही जागा राहते. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस घे, म्हणजे लाईट गेली तरी ड्रॉइंग सेव्ह करण्यापुरता वेळ मिळेल.

ते जुनं कार्ड मला मुळीच पसंत नाही. क्रिप्टो चलनाच्या काळात कार्डं रात्रंदिवस मायनिंगला, म्हणजे ते चलन मिळवायच्या आकडेमोडीला, जुंपलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि ती सगळी बाजारात आली. तुझ्या हातात येणारं त्यातलं आहे की नाही, हे पुसून चकचकीत केलेल्या कार्डावरून कसं कळणार? आणि सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला ऑटोकॅडची टू-डी ड्रॉइंग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आरामात चालतात.

प्रोसेसरमध्ये तू आय-थ्री १२१००एफ लिहिलंस. त्या एफचा अर्थ, आत ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, म्हणून एफ नसलेला घे. रायझन ५ ५६००जीसुद्धा चांगला आहे, सहा कोअर आहेत, आतलं ग्राफिक्सही जास्त ताकदीचं. पण ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं आणि तिथं १२१०० पुढे आहे. पुढे जास्त ताकद लागली तर त्याच सॉकेटात आय-फाइव्ह बसेल. माझं मत १२१०० ला.

मदरबोर्ड एच६१० चालेल, पण डीडीआर४ रॅमचा की डीडीआर५ चा हे पावतीआधी बघ. दोन्हींची खाच वेगळी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. या बोर्डांवर रॅमच्या जागा साधारण दोनच. म्हणून ८ जीबीच्या दोन पट्ट्या न घेता १६ ची एक घे. रेव्हिट (इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) सुरू झालं की १६ कमी पडतील, तेव्हा दुसरी लावता येईल. (५६००जी घेतलास तर मात्र उलटं कर, त्याच्या ग्राफिक्सला दोन पट्ट्यांचा खरा फायदा होतो.) २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे भडकले, तेव्हा या ओळीला तू धरलेला आकडा दुकानात पुन्हा विचार. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घे.

तुझी मैत्रीण ऑफिसातला जुना चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह घे म्हणायली, तो नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

पुढून काच लावलेला रंगीत दिव्यांचा कॅबिनेट छान दिसतो, मान्य. पण हवा आत जायला वाट नाही. आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, समोर जाळी असलेलाच घे आणि फरशीवर ठेवू नकोस, धूळ ओढतो.

आता खोलीतलं काम. मल्टीमीटर तुझ्याकडे आहे. भिंतीवरच्या सॉकेटात फेज-न्यूट्रल मोज, फेज-अर्थ मोज. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर घरमालकांना सांग. अर्थिंग तुटलेलं असलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर करंट उतरतो आणि पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. तो करंट थोडा असतो, पण अर्थिंग नसलेल्या सॉकेटावर मी तुला मशीन लावू देणार नाही.

मदरबोर्ड ताब्यात घेताना प्रोसेसरच्या सॉकेटावरची टोपी काढून पिना उजेडात बघ, एखादीही वाकलेली असेल तर तिथंच परत कर. बिल जीएसटीचं, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर. जोडायला तूच बस, व्हिडिओ कॉलवर मी आहे.

पैसे आईच्या खात्यातून उद्या टाकतो. एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो आधी मला पाठव, मी हो म्हटल्यावरच दुकानदाराला पैसे दे.

तुझे,
बाबा