फ्रँकांचं राज्य दोन बायकांच्या भांडणात बुडालं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. सहाव्या-सातव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागावर राज्य करणाऱ्या फ्रँक राजांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार, मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही. पण ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या दोन राण्यांच्या वैरापायी सगळं वाटोळं झालं असं जे लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही.

वैर होतंच हो. चिल्पेरिक राजाने आपल्या बायकोचा, म्हणजे ब्रुनहिल्डच्या सख्ख्या बहिणीचा, गळा आवळून खून करवला आणि फ्रेडेगुंडशी लग्न केलं, मग 575 मध्ये ब्रुनहिल्डचा नवरा आणि चिल्पेरिकचा भाऊ सिगेबर्ट मारला गेला तो फ्रेडेगुंडच्या माणसांकडून. पण भाऊबंदकी त्याच्या कितीतरी आधीची. 511 ला या दोन भावांचा आजोबा, राजा क्लोव्हिस वारला, राज्य चार मुलांत वाटलं गेलं, त्यातला एक लढाईत पडला तर त्याच्या लहान पोरांना काकांनीच मारलं, का तर वाटेकरी नकोत. तेव्हा या दोघी जन्मल्यासुद्धा नव्हत्या! 561 ला या भावांचा बाप वारला आणि परत तेच, परत चार वाटे. प्रत्येक मुलाला हिस्सा आणि भाऊ मेला की त्याचा हिस्सा आपला, अशी पद्धत असल्यावर रक्तपात होणारच ना.

आणि 613 चं काय? म्हाताऱ्या ब्रुनहिल्डला घोड्याला बांधून फरफटत मारलं, आरोप काय तर दहा राजांचा खून, आणि त्या यादीत तिचा स्वतःचा नवरा! इतकंच नाही, तिची जी पणतवंडं फ्रेडेगुंडच्या मुलाने, क्लोटार राजाने, नुकतीच मारली होती तीसुद्धा तिच्याच नावावर टाकली. जिंकलेल्याने लिहिलेला हा आरोप आपण आजही जसाच्या तसा छापायचा का?

तिला पकडून दिलं ते सरदारांनी. बर्गंडीचा वार्नाखार फितूर झाला आणि त्याला महालप्रमुखाचं, म्हणजे राजाच्या मुख्य कारभाऱ्याचं, पद आयुष्यभरासाठी मिळालं. मेट्झचा आर्नुल्फ आणि लँडेनचा पेपिन आधीच क्लोटारला सामील झाले होते. 614 च्या पॅरिसच्या फर्मानात बाहेरच्या प्रांताचा न्यायाधीश नेमायचा नाही असं कलम आलं, म्हणजे स्थानिक बड्या घराण्यांचंच फावलं. याच पेपिनच्या मुलीच्या वंशजाने 751 मध्ये शेवटच्या मेरोव्हिंजियन, म्हणजे क्लोव्हिसच्या घराण्यातल्या, राजाचे राजेपणाची खूण असलेले लांब केस कापून त्याला मठात बसवला आणि स्वतः राजा झाला. लेखात या सरदारांचं नावसुद्धा नाही. पुढच्या भागात त्यांच्यावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा