सुध्यास पत्र: वॉटसन हॉटेल आणि आपलं चेंबर

दादर, मुंबई

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. त्याआधी तू व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललेला जमशेटजी टाटांचा मेसेजही वाचला. हिंदुस्थानी माणूस म्हणून वॉटसन हॉटेलच्या दारातून त्यांना परत पाठवलं आणि त्या रागात त्यांनी ताज हॉटेल बांधलं! ऐकायला झकास आहे. पण जन्म वकिलांच्या चेंबरात काढलेला तू पुरावा न मागता हे पुढे पाठवतोस म्हणजे कमाल झाली. त्या काळचा एकही कागद या गोष्टीच्या बाजूने साक्ष देताना मी तरी पाहिलेला नाही. ताज उघडलं 1903 साली. त्याचं सामान निवडायला जमशेटजी स्वतः युरोपात हिंडले, इमारतीत वीज घेतली. एवढा व्याप माणूस रागाच्या भरात करत नाही, धंद्याची नजर असली तर करतो. वॉटसन गोऱ्यांसाठीच होतं हे मात्र खरं, आणि तेवढं पुरे वाईट आहे. त्याला आणखी फोडणी कशाला?

आपलं चेंबर होतं आणि आपण अशिलांना धापा टाकत वर चढवायचो ती वॉटसनची इमारत मुळात बोटीने आलेली आहे, हे तुला तेव्हा ठाऊक होतं का? 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचा तट पाडायला लावला, तेव्हा एस्प्लनेडची, म्हणजे किल्ल्यासमोरच्या मैदानाची, जागा मोकळी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता. जॉन वॉटसन हा कापडवाला. त्याने रोलंड ऑर्डिशकडून नकाशे करून घेतले. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपराला हातभार लावणारा इंजिनियर तो हाच. खांब, तुळया इंग्लंडात ओतल्या, सुटे भाग जहाजाने आणून 1867 ते 1869 मध्ये इथे जोडले, आणि 1871 ला हॉटेल सुरू झालं. सांगाडा सगळा बिडाचा, भिंती नुसत्या भरीच्या. आठवतं ना, चेंबरात खिळा ठोकायला गेलं की इथे भुसभुशीत वीट आणि वीतभर पलीकडे ठण्ण! आपल्या वकीलसाहेबांचं कॅलेंडर त्यापायी कायम टाइपरायटरच्या डोक्यावर लोंबायचं, कारण खिळा शिरेल अशी जागा तेवढीच.

हॉटेलात खोल्या 130, खाली रेस्टॉरंट आणि बार. वाढायला बायकासुद्धा विलायतेहून आणलेल्या. वॉटसनने सोबत तिकडची हवाही आणली असती तर बरं झालं असतं, असा तेव्हा गावात विनोद होता. पंखे दोरीचे, आणि दोरी ओढणारे हात अर्थातच आपल्याकडचे.

त्या हातांबद्दल एका गोऱ्यानेच लिहून ठेवलंय. 1896 च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. सज्जाच्या दाराचं काहीतरी काम निघालं, एक नोकर गुडघ्यावर बसून ते करू लागला. बरोबरच्या धिप्पाड जर्मनाला ते पसंत पडलं नाही. त्याने आधी नोकराच्या थोबाडीत दिली आणि चूक काय ते मग सांगितलं. नोकर निमूट. ट्वेनला आपलं लहानपण आठवलं, गुलामांना असंच मारायचे ते. सुध्या, वॉटसनवर काहीही वाचलं की ट्वेन उतरला होता एवढंच छापतात. त्याने पाहिलं काय, ते कुणी छापत नाही.

त्याच वर्षी 7 जुलैला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे हलत्या चित्रांचा खेळ लावला, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि गाव लोटलं. ही नवलाई बघूनच आपल्या सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनपाशी कुस्तीचं चित्रण केलं. फाळक्यांच्या कितीतरी आधी! वॉटसनचं सगळ्यात मोठं देणं मी हे मानतो.

पुढे ताजने गिऱ्हाईक ओढलं, हॉटेल बुडालं. वॉटसनचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांना पार्टिशनं पडली, उंच छताखाली पोटमाळे चढले. सेशन कोर्ट शेजारी, हायकोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वकील, नोटरी, टायपिस्ट, झेरॉक्सवाले असा आपला सगळा गोतावळा तिथे घुसला. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या आकड्यावर गोठवली. मालक म्हणणार, या भाड्यात रंगसुद्धा होत नाही. भाडेकरू म्हणणार, मग आम्ही का करावा? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दरम्यान गंज आपलं काम करतच होता. 2005 ला सज्जे कोसळून एक माणूस गेला. त्याच वर्षी जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं. 2019 ला म्हाडाने इमारत रिकामी करून घेतली. पाडावी असा आयआयटीचा अहवाल आला, वारसावाले विरोधात उभे राहिले, आणि प्रकरण आपल्याच ओळखीच्या हायकोर्टात पोचलं!

माझं मत विचारशील तर पाडू नये. भाग जोडून उभी केलेली वस्तू भाग बदलून टिकवता येते, खर्च करणारा हवा. पण नुसतं नटवून पुन्हा महागडं हॉटेल करणार असतील तर मला त्यात रस नाही. आसपासचा काळा घोडा परिसर आधीच तसा झालाय. ज्यावरून नाव पडलं तो घोडेस्वाराचा खरा पुतळा 1965 लाच राणीच्या बागेत गेला, 2017 ला स्वाराविना नवा घोडा बसवला. ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान गेलं. आता कॉफीची किंमत बघून मी पाणीच मागतो.

आता कामाचं. पुतणीची एक मैत्रीण आर्किटेक्चर शिकते, तिला या इमारतीतल्या भाडेकरूंवर काम करायचंय. हॉटेलचे फोटो ढीगभर मिळतात म्हणाली, ऑफिसांचे एकही नाहीत. साहेब गेल्यावर भाड्याच्या पावत्यांची ट्रंक तूच पुण्याला नेली होतीस ना? वहिनींनी रद्दीत घातली नसेल तर शोध. साहेबांनी सज्जात काढलेला आपला ग्रुप फोटोही त्यातच असावा. कुरियर मी तिला करायला सांगतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या