यजमानांना खोलीत बोलावणाऱ्या सिस्टरांना अनावृत पत्र

आदरणीय सिस्टर,

स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगावर माझ्यावर उपचार करणाऱ्या सर्वच डॉक्टरांची मी ऋणी आहे. परंतु आमचा संसार त्या आजारातून सावरला तो तुमच्यामुळे, आणि ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून तुमचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

बाईच्या दुखण्यात बाईनेच जवळ बसायचे, ही आमच्याकडची रीत. शस्त्रक्रियेनंतर आई आणि जाऊबाई खाटेजवळ होत्या, तर यजमान बाहेरच्या बाकावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळत होते. घरी सोडण्याच्या दिवशी ड्रेनची, म्हणजे जखमेतले पाणी नळीवाटे जिच्यात साचते ती, बाटली कशी रिकामी करायची हे शिकून घ्यायला जाऊबाई पुढे झाल्या, तेव्हा तुम्ही त्यांना मायेने थांबवून म्हणालात, ‘‘दादांना आत बोलवा.’’ नळी वरून खाली हलकेच कशी पिळायची, बाटली दाबून आतली हवा काढून झाकण कसे बसवायचे, साचलेले पाणी मापून तारखेसह वहीत कसे लिहायचे आणि चोवीस तासांचे माप साधारण ३० मिलीलिटरच्या खाली आले की कसे कळवायचे, हे सारे तुम्ही त्यांच्याकडून दोनदा करून घेतलेत. माझ्या जखमेकडे पाहिले तर मला लाज वाटेल, या समजुतीने ते दूर राहत होते आणि त्यांना माझी किळस आली आहे, असे धरून मी भिंतीकडे तोंड करून निजत होते. एकमेकांना जपण्याच्या नादात आमच्यात वाढत चाललेले हे अंतर तुम्ही नेमके ओळखलेत. काय बोलावे हे ज्यांना सुचत नव्हते, त्यांच्या हाती तुम्ही काम दिलेत. मी आरशात पाहण्याआधी माझा व्रण त्यांनी पाहिला आणि ‘‘टाके सरळ आहेत, काखेपर्यंत गेलेत, सूज उतरतेय,’’ असे साध्या शब्दांत मला सांगितले. त्यानंतर आरशासमोर उभे राहणे मला जमले.

पुढे केमोथेरपीच्या काळात तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून ज्या गोष्टी उघडपणे बोललात, त्या आम्हाला दुसऱ्या कोणी सांगितल्या नसत्या. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा पती-पत्नीच्या सहवासाने लागत नाही, हे तुम्ही सासूबाईंच्या देखत ठामपणे सांगितलेत. केमोच्या काळात दिवस राहू नयेत यासाठी काळजी घ्यावी, पण त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत, हेही त्याच ओघात सांगितलेत. माझी गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारी असल्याने पुढे किमान पाच वर्षे टॅमॉक्सिफेन हे हार्मोनचा परिणाम रोखणारे औषध घ्यायचे होते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड, कोरडेपणा, इच्छा न होणे हे त्या औषधाचे आणि केमोने पाळी थांबण्याचे परिणाम असू शकतात, बायकोचे मन नवऱ्यावरून उडाल्याची ती खूण नव्हे, असे तुम्ही त्यांना समजावलेत. कोरडेपणावर मनाने कोणतेही हार्मोनचे मलम न आणता आधी डॉक्टरांना विचारायचे आणि तोवर पाण्यावर आधारित साधे जेल वापरायचे, इतका व्यवहारी सल्ला इतक्या सहजपणे मिळेल, असे मला वाटले नव्हते.

आजारी बायकोला नवरे सोडून जातात, असा आकडा मोबाइलवर वाचून मी रडत तुमच्याकडे आले होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातला तो आकडा होता : पत्नी आजारी असलेल्या जोडप्यांपैकी २०.८ टक्के विभक्त झाली, तर पती आजारी असलेल्यांपैकी २.९ टक्के. तुम्ही तो खोटा ठरवला नाहीत. त्या ५१५ रुग्णांमध्ये मेंदूतील गाठी, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आणि इतर कर्करोग असे निरनिराळे आजार होते आणि संसार जितका जुना तितका तो टिकण्याची शक्यता जास्त दिसली, हे तुम्ही दाखवलेत. शिवाय डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणीत, गर्भाशयमुखाचा कर्करोग सोडल्यास, कर्करोगातून गेलेल्यांमध्ये घटस्फोटाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नव्हते, हेही सांगितलेत. माझे स्वतःचे मत असे की, आपल्याकडचा दुरावा कोर्टाच्या कागदांत सापडणारच नाही. बाईला ‘विश्रांतीसाठी’ माहेरी पाठवले जाते, अंथरुणे वेगळी होतात आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. आमच्या घरीही माहेरी जाण्याचा विषय निघाला होता. ‘‘ड्रेनची वही माझ्याकडे आहे, ती इथेच राहील,’’ असे यजमानांनी त्या वेळी सांगितले.

माझ्या मावसबहिणीची शस्त्रक्रिया याच महिन्यात तुमच्या वॉर्डात आहे. भावजींना यजमानांनी बाटली आणि वहीबद्दल आधीच सगळे सांगून ठेवले आहे, त्यामुळे या वेळी तुम्हाला त्यांना बाहेरून बोलवावे लागणार नाही.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण