बायपास झाली, पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला केळी लावणारा शेतकरी, वय 58. जानेवारीत नाशिकला माझी बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांचे उपकार आहेत, पण सुट्टी देताना कार्डावर गोळ्या लिहिल्या, टाके कधी दाखवायचे ते लिहिलं आणि खाली फक्त "आराम करा, हळूहळू चाला". हळूहळू म्हणजे किती, कधीपासून, दम लागला तर कुठे थांबायचं, हे कोणीच सांगितलं नाही.

आपल्याकडे तुम्हाला माहितीच आहे, छातीचं ऑपरेशन म्हटलं की घरचे माणसाला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो भाऊ आता पडून राहा. मी दीड महिना खाटेवर काढला. मांड्या वाळल्या, संडासला जाऊन आलं तरी धाप, खोकला आला की हाड उकलेल अशी भीती वाटायची म्हणून उशी छातीशी घट्ट धरून खोकायचो. कारण नसताना रडू यायचं. वाटलं आता बागेत पाय टाकणं संपलं.

मग नाशिकला दिलेल्या लेकीने चौकशी करून कार्डियाक रिहॅबचं, म्हणजे हृदयाच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम आणि पथ्य शिकवतात त्याचं, शोधून काढलं. हप्त्यातून तीन दिवस, बारा हप्ते, तिच्याकडेच राहिलो म्हणून जमलं. पहिल्या दिवशी व्हरांड्यात 30 मीटरवर खुणेचे दोन प्लास्टिकचे कोन ठेवले आणि सांगितलं सहा मिनिटांत त्यांच्यामध्ये ये-जा करत जमेल तेवढं चाला. 210 मीटर झाले, दोनदा भिंतीला टेकलो. शेवटच्या हप्त्यात त्याच व्हरांड्यात 430 मीटर चाललो, लेक दाराशी उभी राहून बघत होती.

मधल्या काळात जे शिकवलं ते सांगतो. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग सायकल नाहीतर ट्रेडमिल, आणि शेवटी एकदम थांबायचं नाही, वेग कमी करत यायचं, नाहीतर बीपी पडून चक्कर येते. फिजिओथेरपीच्या मॅडम सारख्या विचारायच्या "काका, किती?" म्हणजे दम 6 ते 20 मधला कितवा (6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे अगदी टोकाचा), आणि मला तो 11 ते 13 मध्ये ठेवायला सांगितला होता. काही गोळ्यांमुळे नाडी फार वाढतच नाही, म्हणून नुसत्या नाडीवर जायचं नाही, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येईल इतकं सावकाशही नको. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर वजन उचलायचं नाही, आमच्या केळीचा घडच वीस-पंचवीस किलोचा असतो, हे शेतकऱ्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला नको का? शेवभाजीची तर्री आणि पापड-लोणच्यातलं मीठ यावर माझ्या बायकोला समोर बसवून समजावलं, ते फार बरं झालं.

असा व्यायाम केला तर पुन्हा अटॅक येणं, पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं कमी होतं असं जगभरच्या अभ्यासात दिसलंय. मग हे ऑपरेशनइतकंच गरजेचं नाही का? ज्याची लेक नाशिकला नाही त्याने काय करायचं? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांत हप्त्यातून तीन दिवस दोन तास रिहॅब चालवावं, एक फिजिओथेरपिस्ट, ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, दोन सायकली, हाताशी डॉक्टर आणि इमर्जन्सीचं सामान, एवढ्यावर सुरुवात होते. मे महिन्यात आपल्याकडे 44-45 डिग्री असते, सकाळी नऊनंतर बाहेर चालणं पेशंटला धोक्याचं, म्हणून आतली जागा लागेलच. आणि सुट्टीच्या कार्डावर रिहॅबची तारीख छापलेली असावी.

आमच्या शेजारच्या गावात 49 वर्षांचा एक जण बायपासनंतर सहा महिने ओट्यावरच बसून होता. त्याच्या डॉक्टरांना विचारून आता आम्ही दोघं रोज सकाळी पाटापर्यंत चालतो. काल तो एकदाही टेकला नाही.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव