खानापूरच्या सरांना, उद्यमबागेतून

सर, नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही ही तुमचीच अट, म्हणून फौंड्रीतली पोरं ज्या नावानं तुम्हाला ओळखतात त्याच नावानं लिहितोय. पत्र चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की बेळगावात माझ्यासारखे लहान कारखानदार पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा सर्व्हर त्यांच्या ऑफिसात असला तरी त्यांच्या हातात नाही.

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरची अवस्था तुम्ही पाहिलीत, आणि तुम्हीच ती निस्तरलीत. कास्टिंग तयार, पॅकिंग झालेलं, पुण्याची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन वैतागलेला, आणि टेस्ट सर्टिफिकेट (टीसी, मालाच्या तपासणीचा दाखला) काही केल्या प्रिंट होत नाही. टीसीशिवाय तिकडं कोण माल उतरवून घेणार? अकाउंट्सच्या मॅडम स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघत बसलेल्या. सकाळची वेळ आमच्याकडं अशीच जायची.

ज्यांच्याकडं देखभालीचं कंत्राट होतं त्या गृहस्थांचं ठरलेलं उत्तर: रीस्टार्ट करा. त्यानं भागेना तेव्हा, नवा सर्व्हर घ्या. पुढं त्यांना आयतंच निमित्त मिळालं. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं आमचं सॉफ्टवेअर, ईएसएक्सआय, हे व्हीएमवेअर कंपनीचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं ती कंपनी घेतली, त्यानंतर कायमची लायसन्स विकणं थांबलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआयही बंद झालं. (ते पुढं २०२५ मध्ये परत आलं म्हणे.) तो त्या कंपनीचा व्यवहार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ह्या गृहस्थांनी त्या बातमीचं थेट कोटेशन केलं. मी म्हटलं, निदान अ‍ॅडमिनचा पासवर्ड तरी द्या. तर म्हणे, तशी पॉलिसी नाही. सर्व्हर आमचा, लाईटबिल आमचं आणि पासवर्ड त्यांचा! तो शेवटी कसा सोडवून घेतला ते इथं नको, रक्तदाब वाढतो.

तुम्ही गणपतीला गावी आलेले. सुट्टीतला माणूस. आल्या आल्या मशीनला हात न लावता तुम्ही मॅडमना विचारलंत, "नेमकं कधी अडतं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, सकाळी. तिथंच अर्धं काम झालं. रात्रीचा बॅकअप रोज सगळी डिस्क नव्यानं उचलत होता, तो सकाळी ऑफिस उघडलं तरी संपत नव्हता. उरलेलं दुखणं नेटवर्क कार्डाचं आणि डिस्क कंट्रोलरचं. दोन्ही जुन्या पद्धतीचे, प्रत्यक्षात नसलेल्या हार्डवेअरची नक्कल सॉफ्टवेअरनं करायची आणि त्यातच प्रोसेसर दमायचा.

तुम्ही सगळं प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आणलंत. व्हिएन्नातल्या लोकांनी २००८ पासून चालवलेलं, लिनक्समध्येच असलेल्या, व्हीएम चालवणाऱ्या केव्हीएमवर उभं, सोर्स सगळ्यांना खुला. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून त्यात ईएसएक्सआयवरची व्हीएम सरळ ओढून घेण्याची सोय आली, ती आमच्या कामी आली. डेटा येत असतानाच मशीन सुरू करायचीही सोय त्यात आहे, पण ती तुम्ही वापरली नाहीत. भाद्रपदातला पाऊस, आमच्याकडची लाईट. मध्येच काही तुटलं तर तोवर लिहिलेलं सगळं जाईल, म्हणालात. नवीन आहे म्हणून वापरायचंच असा हट्ट नाही, हे मला फार आवडलं.

मग व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच केलेले डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर. विंडोजला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे माहीत असतं, त्यामुळं नकलेचं नाटक संपतं. पण डिस्क एकदम बदलली तर विंडोज उठतच नाही, म्हणून तुम्ही आधी एक जीबीची रिकामी डिस्क जोडून ड्रायव्हर बसवलात, नंतर खरी डिस्क बदललीत. बॅकअपही आता बदललेले तुकडेच उचलतो; व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली तर मात्र पुढच्या खेपेला सगळी डिस्क वाचावी लागते, हे तुम्ही स्टोअरकीपरला कन्नडमधून आणि मॅडमना मराठीतून सांगितलंत. दोघांनाही सारख्याच सबुरीनं.

पण मला हे पत्र लिहायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. काम उरकल्यावर तुम्ही खुर्चीतून उठलात, कीबोर्ड माझ्याकडं सरकवलात आणि म्हणालात, "आता पासवर्ड बदला. मला सांगू नका." आणि मी टाईप करायला लागलो तसे तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. तिथं आमचं हीट नंबरांचं (भट्टीतल्या प्रत्येक खेपेचा नंबर) कॅलेंडर टांगलेलं आहे, तेच वाचत. माझी दोन बोटांची टायपिंग, वर तो दोनदा लिहायचा, त्यात पहिल्यांदा जुळलाच नाही. तुम्ही मान वळवली नाहीत. "झालं?" एवढंच विचारलंत, तेही भिंतीकडं बघतच. मघापासून सगळं तुमच्याच हातात होतं, मनात आणलं असतं तर काय दिसलं नसतं? तरीही पाठ फिरवलीत. तेव्हा घसा दाटून आला होता, म्हणून चहाचं निमित्त करून बाहेर गेलो.

हुशार माणसं आपल्याकडं कमी नाहीत. ह्या उद्यमबागेत अशी मिस्त्री मंडळी आहेत की हातानं चाचपून कास्टिंगमधला दोष सांगतील. पण आपल्यावाचून समोरच्याचं अडू नये अशी तजवीज करून निघणारा माणूस विरळा. वडील म्हणायचे, पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, ज्याचा त्याला परत द्यावा, तोही पुसून. त्यांनी सर्व्हर पाहिला नाही, तुम्हाला मात्र लगेच ओळखलं असतं.

तर आता कामाचं. प्रॉक्समॉक्सची नववी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आहे, त्यावर कधी जायचं ते तुम्ही कळवा, घाई नाही. आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत उभा करून बघायचा, हे मॅडमच मला ऐकवतात. आणि तुमचं बिल अजून आलेलं नाही. "बघू नंतर" हे चालणार नाही. जीएसटी नंबर नसला तर साध्या कागदावर लिहून पाठवा, नाहीतर कुंद्याचे डबे घेऊन मीच खानापुरात तुमच्या दारात येईन आणि तुमच्या आईंकडूनच आकडा लिहून घेईन.

आपला,
उद्यमबागेतला एक फौंड्रीवाला